फळीवरचा घडा

फार पूर्वीची ही गोष्ट, आणि फार लांबचीही. लाल डोंगरांच्या एका कोरड्या मुलखात, दूर अमेरिकेत, तिथल्या मूळच्या पुएब्लो लोकांचं एक गाव होतं. घरावर घर, त्यावर आणखी एक घर, सगळी मातीची, आणि वर चढायला लाकडी शिड्या. त्या गावात एक म्हातारी कुंभारीण आणि तिची नात अशा दोघीच राहत होत्या.

त्या गावच्या कुंभारणींना चाक ठाऊक नव्हतं. मातीच्या लांब वळ्या करायच्या, एकीवर एक चढवायच्या, वाळक्या भोपळ्याच्या तुकड्याने खरवडून भिंत सारखी करायची आणि गोट्याने घासून चकाकी आणायची. सगळी करामत बोटांची. आई लेकीला शिकवायची ती शेजारी बसवून, फारसं न बोलता.

पण खरी मेख मातीत होती. त्या डोंगरातली माती मोठी हट्टी. नुसती वापरली तर आगीत तडकणार म्हणजे तडकणारच. तिच्यात जुन्या, फुटक्या मडक्यांची बारीक भुकटी मिसळली, तरच ती ताळ्यावर यायची. आणि तीही वर्षानुवर्षं वापरलेल्या मडक्यांची; आगीतच तडकलेल्यांची भुकटी काही कामाची नसे. म्हणून त्या गावात मडकं फुटलं तरी कुणी हळहळत नसे. खापऱ्या वेचून टोपलीत टाकायच्या. पणजीचं मडकं आजीच्या मडक्यात, आजीचं आईच्या, आईचं लेकीच्या, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. शेजारणीकडे मीठ मागावं, मिरची मागावी, पण खापऱ्या मागू नयेत, असा तिथला रिवाज. ज्या घराची टोपली, त्या घराचीच.

त्या वर्षी म्हातारीच्या टोपलीत जेमतेम मूठभर भुकटी उरली. जुनं म्हणावं असं घरात एकच भांडं होतं, फळीवरचा घडा. म्हातारीच्या आईने तिच्या शेवटच्या वर्षी घडवलेला. पांढराशुभ्र, त्यावर काळ्या रेघांचा पाऊस आणि दोन पक्षी. काठाला चीर गेलेली, त्यामुळे पाणी काही राहायचं नाही. त्याच्या आत, बुडाशी, आईच्या अंगठ्याचा ठसा होता. म्हातारी रोज सकाळी हात आत घालून त्या ठशावर आपला अंगठा टेकवायची आणि मगच कामाला बसायची.

आई जाताना सांगून गेली होती, "चीर पडलीच आहे, टोपलीत टाक." म्हातारीने "टाकते" म्हटलं होतं. त्याला आता तीस वर्षं झाली होती.

आणि आताच तर नात घडवायला शिकत होती! म्हातारी गुपचूप ओढ्यावर गेली, बारीक वाळू चाळून आणली आणि त्या मूठभर भुकटीत मिसळून टोपली भरून ठेवली. 'शिकाऊ मडक्यांना एवढं पुरे,' तिने स्वतःची समजूत घातली.

नातीने मन लावून पाच मडकी घडवली. वाळलेलं शेण रचून आग लावली. पाचही तडकली.

"वारा फार होता गं," म्हातारी म्हणाली.

दुसऱ्या खेपेलाही तडकली. "शेण ओलसर होतं," म्हातारी म्हणाली.

तिसऱ्या खेपेलाही तडकली, तेव्हा नात राखेत उकिडवी बसली आणि तिने मान वर करून विचारलं, "आजी, खरं सांग. माझ्या हाताचंच काही चुकतंय का?"

आता इथे एकच शब्द पुरे होता. नाही. पण म्हातारीची नजर फळीकडे गेली आणि तोंडातून निघून गेलं, "हात कच्चा आहे अजून. होईल हळूहळू."

नातीने आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. त्या दिवसापासून ती मातीजवळ फिरकेना. आठवड्याने म्हणाली, "आजी, मी खालच्या गावी मावशीकडे जाते. तिला मेंढ्या राखायला माणूस हवंय. मेंढी काही आगीत तडकत नाही." एवढं बोलून ती हसली, पण डोळे भरून आले होते.

ती वरच्या खोलीत गाठोडं बांधत होती, तेवढ्यात तीन गाढवं घेऊन मीठवाला आला. मोठा बेरकी माणूस, पण मनाचा गोड. दर वर्षी तो मिठाच्या बदल्यात मडकी न्यायचा आणि दर वर्षी फळीवरचा घडा मागून म्हातारीच्या शिव्या खायचा. यंदा त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या तडकलेल्या ढिगाकडे गेलं. त्याने एक तुकडा उचलला.

"हे कुणाचं काम, आजीबाई?"

"नातीचं."

"काय भिंत काढलीय! तीस वर्षं मडकी हाताळतोय, असा हात दोनदाच बघितला. दुसरा तो तिथे, फळीवर." बोलता बोलता त्याने तुकड्याच्या कडेवर बोट घासलं. बोटाला वाळू लागली. त्याने बोटाकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं आणि तुकडा अलगद खाली ठेवला.

"मीठ विकायला आलास की नावं ठेवायला?" म्हातारी फणकारली.

"मीठच विकतो, दुसरं काय करणार! पण एक आठवलं, सांगू? आमच्या आजोबांचा मका पंचक्रोशीत नावाजलेला. ते गेल्यावर वडिलांनी त्यातली एक गोणी आठवण म्हणून माळ्यावर ठेवली. आल्यागेल्याला दाखवायचे. बारा वर्षांनी दुष्काळ पडला, तेव्हा ती पेरली. एक कोंब आला नाही."

"मडकं म्हणजे मका नव्हे."

"नव्हेच. मका निदान उंदरांच्या तरी कामी येतो," असं म्हणून मीठवाला गाढवं बांधायला निघून गेला.

म्हातारी एकटीच बसून राहिली. वरून गाठोड्याची दोरी करकचून आवळल्याचा आवाज आला. तशी ती उठली. फळीवरचा घडा उतरवून तिने मांडीवर घेतला आणि हाक मारली, "पोरी, खाली ये. येताना वरवंटा आण."

नात शिडीवरून उतरली.

"तुझा हात कच्चा नाही," म्हातारी म्हणाली. "मी खोटं बोलले. टोपलीत मी वाळू घातली होती."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

"घासून घासून माझी बोटं सोलली, आजी! तुला दिसत होतं ना?"

"दिसत होतं."

"मग का?"

"आईचं माझ्याकडे एवढंच उरलं होतं, बाळा." म्हातारीने घडा छातीशी धरला.

"आणि मी?" नात म्हणाली.

म्हातारीने घडा जमिनीवर ठेवला आणि आत हात घालून त्या ठशावर शेवटचा अंगठा टेकवला. मग नातीचा हात धरून तिचाही अंगठा तिथे नेला. पोरीचा अंगठा मोठा, तो काही ठशात मावेना. नात रागातच हसली, मग म्हातारीही हसली, आणि हसता हसता दोघींना रडू फुटलं.

"नको फोडूस, आजी. काहीतरी दुसरं बघू."

"तीस वर्षं दुसरंच बघत होते," असं म्हणून म्हातारीने वरवंटा उचलला. पहिल्या घावाला घडा नुसता दणाणला. "बघ, तुझी पणजीही हट्टीच!" तिसऱ्या घावाला तो फुटला.

चार दिवस दोघी पाट्यावर खापऱ्या वाटत होत्या. मग माती मळली. नातीने एकच मोठा घडा घडवला. पाऊस काढला, पण पक्ष्यांच्या जागी तिने मेंढ्या काढल्या. म्हातारीने नुसत्या भुवया उंचावल्या.

आग पेटली. आतून टक् असा आवाज आला आणि नातीने म्हातारीचा दंड घट्ट धरला. जळालेली एक गोवरी घसरली होती, इतकंच. राख निवल्यावर त्यांनी काठीने ती बाजूला सारली. घडा अख्खा होता.

नात तशीच ओढ्यावर गेली आणि भरलेला घडा डोक्यावर घेऊन शिडी चढून आली. म्हातारीने बुडाखालून हात फिरवला. कोरडं ठाक.

"ऐक," ती म्हणाली, "हा फुटला की लगेच टोपलीत टाकायचा. माझ्यासारखी जपून ठेवत बसू नकोस."

"टाकीन गं," नात म्हणाली आणि तिने ओंजळ पुढे केली. "आधी पाणी पी."

तात्पर्य काय, तर वाडवडिलांची ठेव पुढच्या हातांच्या कामी आली, तरच ती जपली असं म्हणावं. आणि तिच्यापायी लेकरांचा स्वतःवरचा विश्वास कधी मोडू नये.