म्हाकूची निर्गुडी

त्या निर्गुडीला हात लावू नका, पोरांनो. पाय सुजलेत, पाला हवाय, कळतंय मला. डोंगराच्या धारेनं सहा दिवस चालून आलाय, पाय सुजणारच. पाला मी काढून देईन, पण सगळे आल्यावर. पिशव्या पाच दिसतायत, पण एका पिशवीचं माणूस दिसत नाही. ते कुठाय? मुग्धा? पाय मुरगळलाय म्हणून तिची पिशवी तुम्ही घेतलीत होय? चांगलं केलंत. मग आता गप बसा. एस्टी गेली तर जाऊ दे, उद्या दुसरी येईल. या काठ्यांच्या खिंडीतून शेवटचं माणूस आल्याशिवाय कुणी खाली उतरत नाही. का ते सांगतो.

फार जुनी गोष्ट. खाली आमच्या कोंडसरात गुरांना रोग आला, म्हणे. सकाळी उभी असलेली गाय दुपारी आडवी. तेव्हा एका वयाच्या सात दोस्तांनी नवस बोलला. धारेच्या पार त्या टोकाला देवीचं टाकं आहे, तुम्ही निघालात तिथंच. तिथलं पाणी आणून गावदेवीच्या डोक्यावर घालायचं. जाऊन येऊन नऊ दिवसांची चाल. तुम्हाला एका बाजूलाच सहा लागले, असू दे, शहरातले पाय तुमचे! सातांनी निर्गुडीच्या ओल्या काठ्या तोडल्या, घोंगड्या खांद्यावर टाकल्या आणि निघाले.

आमच्यात वाटेवर माणसं मोजत नाहीत. दृष्ट लागते. मुक्कामाला आलं की ज्यानं त्यानं आपली काठी जमिनीत रोवायची आणि म्होरक्यानं काठ्या मोजायच्या. आठ दिवस हे नीट चाललं. टाक्यावर सात काठ्या, परतीच्या प्रत्येक मुक्कामी सात काठ्या.

नववा दिवस. मघाशी तुम्ही जिथं बसून बसून उतरलात ना, ती कातळाची पायरी. तिथं दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून काठी पुढच्याकडं द्यायची. सगळ्यात मागं होता म्हाकू. त्याच्या पुढं धुळा. दोघं एका ताटात जेवणारे, एका घोंगडीत निजणारे. म्हाकूनं आपली काठी खाली धुळाकडं दिली. तेवढ्यात गावातून हलगी ऐकू आली. पोरं धारेवर दिसली म्हणून गावानं वाजवायला घेतली होती. नऊ दिवसांनी घर जवळ आलेलं, धुळाचा पाय ठरेना. येतोय की मागनं, असं म्हणाला मनाशी, आणि दोन्ही काठ्या घेऊन पळत सुटला.

खिंडीत आले तोवर धुकं दाटलं. शेजारचा माणूस दिसेना, असं सांगतात. ही शेवटची जागा, काठ्या इथंच सोडून घरी जायचं. सगळ्यांनी रोवल्या. धुळानंही रोवल्या, आपली आणि म्हाकूची. म्होरक्यानं हातानं चाचपून मोजल्या. सात भरल्या. "चला," म्हणाला.

धुळा बोलला नाही. अरे, एक शब्द बोलायचा होता! पण नाही बोलला.

खाली देवीला पाणी घातलं. गुलाल उधळला. म्हाकूची आई लेकाचे पाय धुवायला तांब्या घेऊन उभी होती. सहा जणांचे पाय धुऊन झाले तरी तिचा तांब्या भरलेलाच. "माझा म्हाकू कुठाय?" तिनं विचारलं.

"आहे की, काठ्या सात होत्या," म्होरक्या म्हणाला.

मग सगळ्यांनी धुळाकडं पाहिलं. त्याची मान खाली गेली.

धुकं असं की रात्री वर चढता येईना. उजाडल्यावर गेले. म्हाकू पायरीपाशी नव्हता. पायरीवरून घसरून त्याचा पाय मोडला होता, आणि तिथून तो सरपटत निघाला होता. तो काळा दगड दिसतो ना, इथून चाळीस पावलांवर? तिथवर आला होता. तळहाताची सालं निघालेली, गुडघे फाटलेले. काठी हाताशी असती तर तेवढी चाळीस पावलंही तो आला असता, असं जुनी माणसं म्हणत. अंगाला हात लावला तेव्हा तो थंड होता.

आई वर आली. रडली, पण धुळाला शिवी दिली नाही. म्हणाली, "त्याची काठी तू आणलीस ना? मग बस तिच्यापाशी. शेवटचा खाली उतरल्याशिवाय तू उतरायचं नाहीस."

धुळा बसला. म्हाकूची काठी उपटायला कुणाचा हात धजेना. पुढच्या पावसाळ्यात बाकीच्या सहा काठ्या कुजल्या आणि तिला पालवी फुटली, म्हणे. तीच ही निर्गुडी. गावातली गुरं त्या पाण्यानं बरी झाली, असंही सांगतात. झाली असतील. धुळानं मरेपर्यंत विचारलं नाही.

वाटेनं कुणी आलं की तो एवढंच विचारायचा, "मागं कोण?" ज्यानं त्यानं आपल्या मागच्याचं नाव सांगायचं. तेव्हापासून ती रीतच पडली. शेवटच्यालाही विचारतात, आणि माझ्या मागं कुणी नाही असं त्यानं म्हणायचं नसतं.

मी कोण? मी सगू झोरे. धुळा आमच्याच घरातला. त्याच्यामागं त्याचा लेक बसला, मग नातू. माझा बाप याच दगडावर बसायचा. आता मी. चांगलं वाटतं म्हणून नाही बसत, पोरांनो. नाही बसलो तर झोप लागत नाही.

ती बघा, आली तुमची मुग्धा. नको, नको, ओरडू नका, पायाकडं लक्ष असू दे तिचं. जा एक जण, हाताला धरून आणा. ये बाई, टेक इथं. हा पाला घे, गरम करून घोट्याला बांध. आता सांग, मागं कोण?

तिला सांगा रे कुणीतरी.

हां. आजही शेवटचं माणूस हेच नाव घेतं. घे तूही.

म्हाकू.

बोललीस. उतरा आता. आधी ती, मग तुम्ही.