चाळीस दगडांची पकड

फार पूर्वी एका उंच कड्यावर एक राज्य वसलं होतं. खाली दरीत उतरायला वाट नव्हती. वेताच्या टोपलीत बसायचं आणि कड्यावर उभा असलेला दोरकरी हळूहळू दोर सोडायचा.

त्या राज्यात एक रसायनी बाई होती. कोणता अणू आपला इलेक्ट्रॉन किती घट्ट धरून ठेवतो, हे ती मोजायची. त्यासाठी आधी ती धातू तापवून त्याची वाफ करायची, वाफ विरळ होऊ द्यायची आणि मग सुट्या अणूमधून इलेक्ट्रॉन काढायला किती ऊर्जा लागते ते बघायची.

राजाला हे पटत नसे. "मावशी, धातूचा गोळा समोर आहे. वाफ कशाला करता? गोळ्यावरच मोजा की."

"महाराज, गोळ्यात अणू एकमेकांना बांधलेले असतात. तिथे जो आकडा येईल, त्यात शेजाऱ्यांचाही हात असेल."

"आकडा तो आकडा," राजा म्हणाला. "तुम्हाला जाळायला लाकडं फार झालीत."

त्याच वर्षी म्हातारा दोरकरी थकला. राजाची मुलगी लवकरच आजोळी निघणार होती, म्हणून नव्या दोरकऱ्याची पकड पक्की हवी होती. चौकात कप्पी बांधली. दोराचं एक टोक माणसाच्या मुठीत, दुसऱ्या टोकाला पारडं. मूठ सुटेपर्यंत पारड्यात दगड टाकायचे.

"एकेकाला मोकळ्या माळावर नेऊन मोजा," रसायनी म्हणाली.

"बाजार भरलाय, सगळे इथेच आहेत. माळावर कोण जात बसेल?"

हलवाई पुढे आला. त्याचे चार भाऊ मागून चिकटले. कोणी कंबर धरली, कोणी मनगट. "धर दादा, आम्ही आहोत ना." चाळीस दगड झाले. लोक बघतच राहिले.

मग एक किडकिडीत मेंढपाळ आला. गर्दीतून कोणी कोपराने ढोसलं, कोणी बाही ओढली. एकाने मध्येच विचारलं, "अरे, माझी शेळी दिसली का रे कुठं?" आठ दगडांत मूठ सुटली.

"मेंढरंच धर बाबा तू," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. हलवाई दोरकरी झाला.

मुलगी निघाली, त्या सकाळी सगळं गाव जमलं. कड्याच्या टोकावर एकाच माणसापुरती जागा होती. हलवाई तिथे उभा राहिला. टोपली थोडी खाली गेली आणि दोर त्याच्या मुठीतून सरकू लागला. त्याने दात आवळले, पण दोर थांबेना. मग तो हातातून सुटलाच.

मागे गवतात पडलेला दोर सळसळत कड्याकडे धावला. गवतात बसलेल्या मेंढपाळाने तेवढ्यात दोर पकडला, दगडाला टाच लावली आणि तो मागे रेलला. दोर ताणला गेला आणि थांबला.

खालून बारीक आवाज आला, "बाबा, दोर कोणी धरलाय?"

राजा धावत गेला आणि मेंढपाळासोबत दोर ओढू लागला.

टोपली वर आल्यावर हलवाई आपले सोललेले तळवे बघत राहिला. "महाराज, मी फसवलं नाही. मला खरंच वाटलं, ती माझीच ताकद."

दुसऱ्या दिवशी राजाने सगळ्यांना माळावर नेलं. एका वेळी एकच माणूस कप्पीपाशी, बाकीचे शंभर पावलं लांब. हलवायाचे नऊ दगड भरले. मेंढपाळाचे पस्तीस.

राजाने ते दगड स्वतः पुन्हा मोजले.

"चौकात माझ्या डोळ्यांसमोर चार भाऊ त्याला धरून उभे होते," तो म्हणाला. "मी ते बघत होतो, मावशी. आणि तरीही माझी पोर त्याच्या हाती दिली."

तात्पर्य सांगायचं ते एवढंच: कोणाची स्वतःची पकड किती, हे गर्दीत कळत नाही. म्हणूनच आयनीभवन ऊर्जा, म्हणजे अणूमधून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा, वायुरूपातल्या, एकमेकांपासून सुट्या अणूंसाठी ठरवतात. तिथे पाठीशी कोणी नसतं आणि धक्का मारायलाही कोणी नसतं. जो आकडा येतो, तो त्या अणूचा एकट्याचा असतो.