मागलीचं पाऊल

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. खाडीवर तेव्हा पूल नव्हता, पलीकडे जायचं तर ओहोटीची वाट बघत बसावं लागायचं. त्या काळी कोळंबखार गावात पदीबाय नावाची एक आगरीण राहायची. तिनं या बांधावरून तान मारली की पलीकडच्या तीरावरचे बगळे उडायचे, असं म्हणतात. बगळ्यांना कुणी विचारलेलं नाही, पण गाव खोटं कशाला बोलेल?

गावाचं पोट मिठागरावर. दिवाळी सरली की मिठाच्या वाफ्यांची जमीन तुडवायला घ्यायची. मीठ पांढरंशुभ्र निघायला हवं तर खालचा चिखल पायांनी तुडवून तुडवून अंगणासारखा घट्ट करावा लागतो. बायका पुढचीच्या खांद्यावर हात ठेवून लांब रांग धरायच्या आणि टाचेला अंगठा लावत सगळ्या एकदम पाऊल टाकायच्या. एकीचं पाऊल चुकलं की सगळी रांग लटपटायची. म्हणून तर गाणं हवं. पदीबाय सगळ्यांच्या पुढे राहून ओळ टाकायची आणि रांग ती उचलायची:

पाऊल टाक गो बाय, पाऊल टाक,
मागं ऱ्हायली तिला मार हाक.

हे गाणं तिला शिकवलं गोमीआजीनं. पदी रांगती असतानाच तिची आई गेली. गोमीआजीचं तिच्याशी रक्ताचं नातं नव्हतं, तरी तिनं ते पोर पाठीला बांधलं आणि तसाच रांगेत चिखल तुडवला. पदी बोलायच्या आधी गायला शिकली ती अशी, त्या म्हातारीच्या पाठीवर.

आता मिठागराचा मुकादम तुळाजी. काम स्वतः करायचा नाही, पण दुसऱ्याचं काम बघायला त्याची नजर फार बारीक. गाणं जलद झालं की पायही जलद पडतात, हे त्याच्या ध्यानात आलं. तो पदीबायकडे एक हिरवंगार लुगडं घेऊन आला.

"पदे, तुज्या गल्यान सरस्वती हाय गो," तो म्हणाला. "पन ती चालते कवरी हलू! जरा धावरव तिला."

पदीबाय तेव्हा ऐन ज्वानीत. आयुष्यात तिला नवं लुगडं कुणी दिलं नव्हतं आणि कौतुक तर कुणीच केलं नव्हतं. तिनं लुगडं नेसलं आणि गाणं धावडवलं. पाय उडू लागले. वाफे भराभर तयार झाले. मिठागराचा मालक शेट खूश, मुकादम खूश आणि खरं सांगायचं तर पदीबायही खूश. आपल्या आवाजानं एवढी माणसं पळतात, हे बघून कुणाला बरं वाटणार नाही?

पण पळणाऱ्या रांगेत कुणीतरी मागे पडतंच. एका सकाळी शेवटच्या टोकाला गोमीआजीचा पाय घसरला. हात सुटला आणि म्हातारी चिखलात बसली. मुकादम बांधावरून ओरडला, "म्हातारे, बाहेर ये! उद्यापासून येव नको." गोमीआजी उठली, पाय धुतले आणि बांधावर जाऊन बसली. तिथं बसून ती आपली हळूच टाळ्या वाजवत राहिली, पदीचं गाणं चुकू नये म्हणून.

पदीबायनं मागं वळून पाहिलं आणि ओळ अर्धीच सोडली. ज्या पाठीवर ती गाणं शिकली, त्याच पाठीला तिच्या गाण्यानं रांगेबाहेर ढकललं होतं. ती ओळ त्या दिवशी पुरी झालीच नाही, असं म्हणतात.

दुसऱ्या सकाळी पदीबाय जुनं ठिगळाचं लुगडं नेसून आली. हिरवं लुगडं तिनं मुकादमाच्या खुर्चीवर घडी घालून ठेवलं. मग गोमीआजीचा हात धरून तिला रांगेच्या शेवटी उभं केलं आणि स्वतः तिच्याजवळ उभी राहिली. "आजे, तू पाय टाक. तुजा पाय परला का मंग मी गातंय."

गाणं मागून सुरू झालं. हळू, अगदी म्हातारीच्या पावलानं. पुढच्या बायकांनी मागं पाहिलं आणि काय समजायचं ते समजल्या.

तुळाजी लाल झाला. "म्हातारीला कार बाहेर!"

"ती ऱ्हायली तं गानं ऱ्हायल," पदीबाय म्हणाली. "ती गेली तं आमी पन जातांव."

"मंग जा! बिनगान्याचं तुरवून घेन मी."

बायका बांधावर जाऊन बसल्या. मुकादमानं लांबून माणसं आणली, ढोल आणला आणि स्वतःच बडवायला घेतला. त्याच्या ढोलावर माणसं एकमेकांच्या टाचा तुडवू लागली. जमीन झाली खड्ड्याखड्ड्यांची. पदीबाय इकडे बांधावर बसून गात होती. वारा ते गाणं खाडीपलीकडे घेऊन गेला आणि तिकडच्या मिठागरातल्या रांगाही एकेक करून बांधावर बसल्या. निरोप्या नाही, दवंडी नाही. ज्यानं गाणं ऐकलं त्यानं काम थांबवलं.

आणि मग मीठच रुसलं, असं म्हणतात. ऊन कडक पडलं, वाफ्यांत पाणी आटलं, पण खाली मिठाचा कण दिसेना. नुसता काळा गाळ. काही म्हणतात, जमीन कच्ची राहिली म्हणून तसं झालं. म्हणोत बापडे. कोळंबखारची माणसं सांगतात, की खाडीनंच गोमीआजीची बाजू घेतली होती.

घरोघरी चुली थंडावल्या. पलीकडच्या गावांनी होडीतून तांदूळ पाठवले, कोळणींनी वाटे न मोजता मासळी टाकली. त्या घासांची आठवण गावानं अजून ठेवली आहे. शेवटी शेट स्वतः मचव्यातून आला आणि भर उन्हात बांधावर उभा राहिला.

"काय पायजे तुम्हाला?"

पदीबायनं गोमीआजीकडे बघितलं. म्हातारी म्हणाली, "मना काय नको. पन रांगेतशी कोनाला कारू नको. आन गानं मागून चालंल."

शेटनं मान डोलावली. त्याच दुपारी रांग लागली, गोमीआजीनं पाऊल टाकलं आणि गाणं मागून पुढे गेलं. त्या साली मीठ असं पिकलं, की चांदण्यात लोकांना वाटायचं, गावात तांदळाचं पीठ सांडलंय. तुळाजी मुकादमही ते बघायला आला. त्याला कुणी हाकललं नाही. उलट पाणी दिलं.

पुढे गोमीआजी गेली. मग वर्षं सरली आणि पदीबाय स्वतः म्हातारी झाली. तिचे पाय सुजायचे, दम लागायचा. ज्या पोरींना तिनं गाणं शिकवलं होतं, त्या आता तिच्या पावलासाठी थांबायच्या. "माज्यासाठी कशाला थांबताव गो?" ती लटकं रागवायची आणि डोळ्याला पदर लावायची. अशीच एके दिवशी रांगेच्या टोकाला ओळ टाकता टाकता ती खाली बसली, ती उठली नाही. रांग तशीच उभी राहिली. भरतीचं पाणी बांधापाशी आलं आणि तेही तिथंच थांबलं, असं म्हणतात.

आता कोळंबखारात मिठागरं थोडी उरलीत. पोरं कारखान्यात जातात. पण वाफा तुडवायचा असो, भात लावायचं असो की कारखान्याच्या फाटकावर मोर्चा न्यायचा असो, निघण्याआधी पुढचं माणूस मागं वळून विचारतं, "मागं कोन हाय?"

सगळे मिळून सांगतात, "पदीबाय!"

मग क्षणभर कुणीच हलत नाही. एक पाऊल रिकामं सोडतात. ते तिचं. ते पडलं, की मागून गाणं सुरू होतं आणि सगळे चालू लागतात.