रफूच्या कपाटातली पैठणी

ही हकीगत मला गेल्या चैत्रात येवल्यात, हसीनाबींचे शेजारी वाघचौरे गुरुजी यांनी सांगितली. हसीनाबी लोकांच्या पैठण्या रफू करीत. शेजारचे दुकान जळाले, तेव्हा त्या विमा कार्यालयात गेल्या. आपल्याकडे आग लागली तर भरपाईपायी घर विकावे लागेल, हे त्यांनी ओळखले होते.

तिथले अधिकारी दाभाडकरसाहेब हसले. "पैठण्या लोकांच्या! जळाल्या तर तुमचं काय जातं, बाई?"

हसीनाबी शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुमच्या घरच्या वहिनीसाहेबांची पैठणीही माझ्याच कपाटात आहे. ती जळाली तर हसीनाबीकडे काही मागणार नाही, एवढं त्यांच्याकडून लिहून आणा. मग मला विमा नको."

साहेबांनी अर्ज पुढे ओढला.

विम्याचे कागद मी स्वतः पाहिले. ती पैठणी खरोखर कपाटात होती का, याची खात्री मात्र मला कधीच करता आली नाही.