कोंडाबाईवर राजाची पाळत

थांबा. आधी तोंडं उघडा दोघंही. मुग्धा, तुझे दात घासलेले दिसतायत. राघू, तू नुसता ब्रश ओला करून आलास की काय? म्हणे नाही. बरं. गोष्ट संपली की बघते तुझ्याकडे.

तर एका डोंगराच्या पायथ्याशी एक राजा राहत होता. धुंडिराज त्याचं नाव. मनाने चांगला, पण महासंशयी. दूध प्यायच्या आधी मांजराला पाजायचा आणि मग मांजराचाही संशय घ्यायचा. आणि आळशी तर इतका, की अंगणात जायचं तरी पालखी लागायची.

राजाराणीला मूलबाळ नव्हतं. डोंगरावर देवी होती. राजाने खालूनच हात जोडले. म्हणाला, "आई, मला एक लेक दे. मी स्वतः पायी चढून येईन आणि तुला तांब्याभर पाणी घालीन." देवीने लेक दिली. बकुळा तिचं नाव. आणि राजा? राजा म्हणाला, उद्या जाईन. मग परवा. मग पुढच्या पुनवेला. अशी सात वर्षं गेली, बरं का.

मग एका चैत्री पुनवेला बकुळा जी झोपली, ती उठेचना. हलवून पाहिलं, ढोल वाजवले, कानाशी हाका मारल्या. श्वास चालू, पण डोळे मिटलेले. तेवढ्यात देवीच्या गुरवाच्या अंगात आलं. घुमत घुमत तो म्हणाला, "राजा, माझं पाणी कुठाय? पायी ये. वाटेत बसायचं नाही, थेंब सांडायचा नाही. पुढच्या चैत्री पुनवेच्या आत आलास तर लेक तुझी. नाही तर ती माझी."

राजा ढसाढसा रडला. बापच तो. सकाळी तांब्या घेऊन निघाला आणि तेराव्या पायरीवर मटकन खाली बसला. म्हणाला, "कोणीतरी पायऱ्या उंच केल्यात!" दुसऱ्या दिवशी विसाव्या पायरीवर पाय लटपटले. "कोणीतरी तेल ओतलंय!" तिसऱ्या दिवशी शिंक आली आणि निम्मं पाणी सांडलं. "कोणीतरी तपकीर उधळली!" मग त्याने पायऱ्या मोजून घेतल्या. न जाणो, गुरवाने वाढवल्या असतील. तर तीनशे भरल्या. आधीही तीनशेच होत्या. राजा लेकीच्या उशाशी जाऊन बसला आणि म्हणाला, "अजून वर्ष आहे."

पुरा दीड महिना तो तसाच बसून राहिला.

मग एका पहाटे खिडकीतून त्याला काय दिसलं? ताक विकणारी कोंडाबाई. म्हातारी, गुडघे सुजलेले, हातात काठी. ती डोंगराशी आली, एक पायरी चढली आणि आली तशी परत गेली. दुसऱ्या दिवशी दोन पायऱ्या चढली आणि परत. तिसऱ्या दिवशी तीन. राजाने कान टवकारले. एक पायरी चढून परत कोण जातं? काहीतरी काळंबेरं आहे!

त्याने प्रधानाला पाळतीवर ठेवलं. प्रधान पहाटे उठलाच नाही. दुपारी येऊन सांगितलं, "महाराज, ती शत्रूसाठी पायऱ्या मोजतेय." मग कोतवालाला ठेवलं. तोही घोरत पडला आणि म्हणाला, "महाराज, ती करणी करतेय, रोज एका पायरीवर." राजाने दोघांकडे नीट पाहिलं. दोघांच्याही गालावर उशीचे वळ होते. मी आता तुझ्याकडे बघतेय ना, तसं, राघू. वळ दिसतात हो लगेच.

मग राजा स्वतःच निघाला. पण राजाला पहाटे बाहेर पाहिलं तर लोक विचारणार, कुठे निघालात? त्याने नवसाचा तांब्या उचलला आणि विहिरीवर भरून घेतला. पहाटे हातात तांब्या असला, की कोणी काही विचारत नाही. ‘शी’ काय म्हणता रे! तांब्या घासलेला, पाणी ताजं. नुसतं सोंग होतं ते.

कोंडाबाई पुढे, राजा दहा पायऱ्या मागे. ती वळली, की हा करवंदीच्या जाळीत. पाणी डुचमळलं तर तिला ऐकू जाईल, म्हणून तांब्या दोन्ही हातांनी जपून धरायचा. बसावं म्हटलं, तर म्हातारी नजरेआड होईल. म्हणून बसायचाही नाही. रोज एक पायरी जास्त. घरी आला, की लेकीच्या कपाळावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "बकुळे, आज नाही कळलं. उद्या पकडतो तिला."

पावसाळा आला. कोंडाबाई डोक्यावर इरलं घेऊन आली. राजा भिजत मागे. थंडी आली. ती घोंगडी पांघरून आली, राजा कुडकुडत मागे. मग पाच दिवस ती आलीच नाही. ताप आला होता तिला. पण राजाला वाटलं, ही आडवाटेने जाते की काय? म्हणून तो एकटाच तिच्या शेवटच्या पायरीपर्यंत जाऊन बघून आला. पाचही दिवस, बरं का.

असं करता करता पुनवेला चारच दिवस उरले. त्या पहाटे कोंडाबाई चढत गेली, चढत गेली आणि थेट वर जाऊन दिसेनाशी झाली. राजा तांब्या सावरत झपाझप वर पोचला. म्हणाला, "सापडलीस! बोल म्हातारे, काय कारस्थान आहे तुझं?"

कोंडाबाई घाबरलीबिबरली नाही. काठी पुढे करून म्हणाली, "ते बघा म्हाराज, नदीपल्याड. माझ्या लेकीचं गाव. गुडघं धरल्यापासनं तिच्याकडं जाता आलं न्हाई. म्हनलं, निदान तिच्या चुलीचा धूर तरी बघावा. एका दमात चढवंना. मग रोज कालच्यापरीस एक पायरी." तिचे डोळे भरून आले. लांब, एका घरावर, खरंच बारीक धूर निघत होता.

मग तिने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "आन तुम्ही वो? धा म्हैनं तांब्या घिऊन माझ्या मागं येताय. मला वाटलं, पोट बिघडलंय म्हाराजांचं."

राजाने हातातल्या तांब्याकडे पाहिलं. काठोकाठ भरलेला. खाली पाहिलं, तर तीनशे पायऱ्या. वळून पाहिलं, तर समोर देवी. त्याने दोन्ही हातांनी देवीला पाणी घातलं. आणि खाली राजवाड्यात बकुळा उठून बसली. म्हणाली, "आबा कुठायत? मला भूक लागलीय."

आबा उड्या मारत खाली आले, पालखीबिलखी काही नाही! लेकीला छातीशी धरलं आणि रडले, हसले, परत रडले. सगळ्या गावाला जेवण झालं. कोंडाबाईच्या लेकीला नदीपल्याडहून बोलावून आणलं, मायलेकी पोटभर बोलल्या. पुढे सगळे आनंदात राहिले.

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे राजा पुन्हा तांब्या घेऊन निघाला. राणी म्हणाली, "आता कशाला? नवस फिटला ना?" तर म्हणतो कसा, "मला अजून त्या म्हातारीचा संशय आहे."

झाली गोष्ट. राघू, तुम्ही झोपायला आलात, की मी रोज तुमच्या मागे दोन जिने चढून वर का येते, माहीत आहे? गोष्टीसाठी नव्हे. ब्रश ओला केला की घासला, ते बघायला. परवा डॉक्टर म्हणाले, "आजी, गुडघे सुधारले तुमचे. काय करता हो?" मी म्हटलं, नातवाचे दात बघते.

ऊठ. खरोखरीचे घासून ये. मी दाराशी उभी आहे. मग दोघंही डोळे मिटा.