मापाचा चौकोन

चिंध्यांनाही वाचा होती, त्या काळची गोष्ट. गोधडीसाठी कात्रीनं खादीचा एक चौकोन नीट मोजून कापला. बाकीचे तुकडे त्याच्यावरच ठेवून कापायचं ठरलं होतं. पण कात्री प्रत्येक नवा तुकडा आधीच्या तुकड्यावर ठेवू लागली.

"कात्रीताई, माप माझ्यावरच धर गं. दरवेळी सूतभर वाढतंय," तळाशी दबलेली खादी म्हणाली.

"तुला कोण उपसत बसणार? वरचा आहे की हाताशी."

जोडताना कडा जुळेनात. शेवटचा, सर्वांत मोठा तुकडा म्हणाला, "ही खादीच आखूड." सगळ्यांनी त्याचीच री ओढली.

खादीची रवानगी चुलीपाशी झाली, गरम भांडी उतरवायला. तरीही गोधडीवर चुण्या पडल्याच. कात्रीनं दुसरी गोधडी कापायला घेतली, तेव्हा मोठा तुकडा सांगत होता, "माप माझ्यावरून घ्या."