देशमुखांची हिरवळ

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि त्या गावात एक हौशी देशमुख होता. राजाच्या बागेतली हिरवळ त्याने एकदा पाहिली आणि ती त्याच्या मनात भरली. घरी येताच त्याने घरामागच्या भल्यामोठ्या आवारातल्या करवंदीच्या जाळ्या, तरवड, निरगुडी, रानतुळस, सगळं उपटून टाकलं आणि गालिच्यासारखं मऊ गवत लावलं. आवार देखणं झालं; पण फुलं गेली तशा मधमाश्याही गाव सोडून गेल्या.

पुढे देशमुख तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. देशमुखीण रोज त्या गवताला स्वतः पाणी घाली आणि संध्याकाळी तिथेच बसून राही. नवऱ्याची तेवढीच खूण मागे उरली होती.

एके दिवशी शेजारीण आली. म्हणाली, "वहिनी, यंदाही भोपळ्याची फुलं नुसतीच गळून गेली. फुलावर माशीच बसत नाही, तर फळ धरणार कसं? तुमच्याकडे पूर्वीसारखी झाडं लागली तर..."

"त्यांनी हौसेनं लावलंय हो. माझ्या हातानं कसं उपटू?"

शेजारीण उठून गेली. त्या संध्याकाळी देशमुखिणीचं हिरवळीवर चित्त लागेना. कुठे गुणगुण नाही, कुठे चिवचिव नाही. गवत हिरवंगार होतं, पण त्यात जगत कुणीच नव्हतं.

सकाळी तिने कुदळ घेतली. हिरवळीवर पहिला घाव घातला.

बातमी कळताच दीर तरातरा आला. "वहिनी, दादाला जाऊन वर्ष झालं नाही आणि त्याची हिरवळ उकरता?"

"भावजी, त्यांना मी परत आणू शकत नाही. त्यांच्या हातून जे गेलं, ते तरी आणू द्या."

"मग आजपासून हे घर मला परकं!" असं म्हणून तो निघून गेला.

तिने रानातून रोपं आणली, बिया आणल्या. पहिल्याच उन्हाळ्यात निम्मी रोपं करपली. "देशमुखीण भ्रमली," असं लोक म्हणत. ती रडे आणि मेलेल्या रोपाच्या जागी दुसरं लावी.

असे काही पावसाळे गेले. मग एका सकाळी निरगुडीच्या निळ्या तुऱ्यांवर माश्या घोंगावताना दिसल्या. त्या साली गावातल्या वेलांना भोपळे लागले.

दीर मात्र आला नाही. नवऱ्याच्या श्राद्धाला तिने त्याचंही पान वाढलं आणि दिवस कलेपर्यंत वाट पाहिली. मग ते पान गाईपुढे ठेवून ती एकटीच जेवायला बसली.

तात्पर्य: गेलेल्या माणसाची माया जपावी, त्याची चूक जपू नये; ती निस्तरताना जवळचं माणूस दुरावलं, तरीही.